तरवड : तासगावच्या माळावरचे झुडूप

तासगाव तालुक्याची जमीन एका जातीची नाही. पश्चिमेला येरळेकाठी काळी, खोल जमीन आहे. पूर्वेला सावळज, डोंगरसोनी, सिद्धेवाडी, वायफळे या बाजूला सरकू लागलो की माती उथळ होत जाते, मुरूम वर येतो आणि ओढ्याकाठच्या पट्ट्या सोडल्या तर सगळा माळ लागतो. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा मुलूख. वर्षाचा पाऊस सरासरीने पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. तालुक्याला नाव मिळाले ते द्राक्षांमुळे. थॉमसन सीडलेसमधून निवडलेले ‘तास-ए-गणेश’ हे वाण इथलेच आणि तासगावच्या बेदाण्याची पेठ देशभर ठाऊक आहे. परंतु ज्या माळावर या बागा उभ्या राहिल्या, त्या माळाचे जुने झुडूप म्हणजे तरवड. बागेसाठी माळ सपाट करताना जेसीबीच्या दातांत पहिल्यांदा तेच येते.

तरवडाकडे आज दोन नजरांनी पाहिले जाते. शेतकऱ्याला ते रान वाटते आणि तो ते उपटतो. शहरातल्या ग्राहकाला ते मधुमेहावरचे औषध वाटते आणि तो त्याच्या सुक्या फुलांची पाकिटे विकत घेतो. पहिली नजर त्याला कमी लेखते, दुसरी जास्त. या झुडपाची रचना, त्याचे रसायन आणि माळावरचे त्याचे वागणे एकत्र ठेवून पाहिले तर एक निष्कर्ष निघतो: तरवड शेताच्या मधोमध लावायचे पीक नाही, पण शेताच्या कडेला, तालीवर, चरावर आणि गायरानावर त्याच्याइतक्या कमी खर्चात टिकणारी झुडपे आपल्याकडे फार थोडी आहेत. हे कसे, ते पुढे मांडतो.

ओळख

कार्ल लिनियस याने 1753 साली या झुडपाचे नाव कॅसिया ऑरिक्युलाटा असे ठेवले. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गच्या 1832 साली छापलेल्या ग्रंथात ते सेना या प्रजातीत घातलेले आहे. मधली दीडशे वर्षे जुनेच नाव रूढ राहिले. 1982 साली आयर्विन आणि बार्नबी या दोघा वनस्पतिशास्त्रज्ञांनी कॅसियाचा अवाढव्य पसारा तीन प्रजातींत विभागला, तेव्हापासून सेना ऑरिक्युलाटा हे नाव स्थिरावले. ही विभागणी केवळ पुस्तकी नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने फार महत्त्वाची एक गोष्ट तिच्याशी निगडित आहे. तिच्याकडे पाल्याच्या खतापाशी वळू.

आपल्या माळावर तरवड साधारण कमरेपासून डोक्याच्या उंचीपर्यंत वाढतो. चांगल्या मातीत आणि कोणी तोडला नाही तर तो याहून बराच उंच जातो. बुंध्यापासूनच फांद्या फुटतात, साल तपकिरी असते. पान संयुक्त, त्यावर पर्णिकांच्या आठ ते बारा जोड्या. दोन खुणा पाहिल्या की चूक होत नाही. पानाच्या देठाशी कानाच्या पाळीसारखी रुंद उपपर्णे असतात आणि ती गळून न पडता टिकून राहतात. दुसरी खूण बारीक आहे: पर्णिकांच्या प्रत्येक जोडीमध्ये एक उभी, काडीसारखी ग्रंथी असते. टाकळ्याशी त्याची गल्लत करू नये. टाकळा पावसाळ्यात उगवून हिवाळ्यात वाळून जाणारा, उग्र वासाचा, बारीक लांब शेंगेचा; तरवड बहुवर्षायू आणि काष्ठमय. औषधी दुकानात मिळणारी सोनामुखीही याच प्रजातीतली, पण वेगळी.

फूल चार-पाच सेंटिमीटर रुंद, झळझळीत पिवळे. त्यातल्या दहा पुंकेसरांपैकी वरचे तीन वांझ असतात. बाकीच्यांचे परागकोश उभे फाटत नाहीत. त्यांच्या टोकाला छिद्रे असतात आणि पराग त्यातूनच बाहेर येतो. काळा भुंगा फुलाला धरून अंग थरथरवतो, त्या कंपनाने पराग छिद्रातून उडतो. फुलात मध नसतो, भुंग्याला हवा असतो तो परागच. म्हणजे तरवडाला बी धरायचे तर परिसरात भुंगे हवेत, आणि भुंग्यांना घर करायला वाळकी लाकडे हवीत. माळ पूर्ण ‘स्वच्छ’ केला की हा धागा तुटतो. शेंग चपटी, कागदासारखी पातळ, सात ते अकरा सेंटिमीटर लांब. तिच्यात दहा ते वीस बिया. फुले वर्षभर थोडीफार दिसतात, पण खरा बहर पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून दिवाळीपर्यंत.

माळावर तोच का उरला

मध्य, पश्चिम आणि दक्षिण भारताचा कोरडा पट्टा, श्रीलंका आणि म्यानमार हा तरवडाचा मूळ प्रदेश. म्हणजे तो इथे कोणी आणलेला नाही. पण एखाद्या माळावर दुसरे काही न दिसता तरवडच तरवड दिसू लागला, तर ती त्या जमिनीच्या इतिहासाची नोंद समजावी.

तरवडाच्या पानांत अँथ्राक्विनोन गटातली रेचक द्रव्ये आहेत. साल टॅनिनने भरलेली, तुरट. त्यामुळे गुरे, शेळ्या आणि मेंढ्या त्याला सहसा तोंड लावत नाहीत. चराऊ माळावर वर्षानुवर्षे काय घडते ते पाहा. मेंढ्या आधी कोवळे गवत संपवतात. शेळ्या बोर, हिवर, बाभळीचे कोवळे शेंडे खुडतात. या झाडांची रोपे माणसाच्या गुडघ्यापर्यंतही येत नाहीत. तरवडाला कोणी शिवत नाही. वर सरपणासाठी माणूस त्याला तोडतो, तर बुंध्यातून तो पुन्हा फुटतो. चराई आणि तोड या दोन चाळण्यांतून जो पार पडतो तो माळाचा मालक होतो.

म्हणून काही जण तरवडाला माळ नासवणारा म्हणतात. हे कारण आणि परिणाम उलटे धरणे झाले. माळ आधीच चरून, झिजून उघडा पडलेला असतो. तरवड त्या उघड्या जमिनीवर टिकलेला शेवटचा आडोसा असतो. त्याचे सोटमूळ मुरमाच्या भेगांतून खोल जाते, बुंध्याशी वाहती माती अडते, पाला कुजतो आणि त्याच्या सावलीत गवताचे बी धरते. जनावर तिकडे तोंड घालत नाही, त्यामुळे त्याच्या आडोशाला बोरीचे किंवा कडुनिंबाचे रोप कधीकधी वाचते. अशा माळावर पाच-सात वर्षे चराईबंदी झाली तर तरवडाच्या जाळीतूनच पुढची झाडी वर येते. तरवड उपटून माळ सुधारतो ही कल्पना म्हणूनच मला घातक वाटते. वनीकरणाच्या नावाखाली हा पहिला आडोसा खणून काढायचा आणि त्याच खड्ड्यात पाण्याशिवाय न जगणारी रोपे लावायची, हे आपण पुष्कळ ठिकाणी केले आहे.

साल आणि कातडे

इतिहासात तरवडाला पैसा मिळाला तो सालीमुळे. सालीत साधारण अठरा टक्क्यांच्या आसपास टॅनिन असते. झाडाचे वय, ऋतू आणि जागा यांप्रमाणे ते कमीजास्त होते. कच्च्या कातड्यातल्या प्रथिनांशी टॅनिन बांधले गेले की कातडे कुजत नाही, पाण्याला दाद देत नाही आणि लवचीक राहते. कातडे कमावणे म्हणतात ते हेच. महाराष्ट्रात हे काम पिढ्यान्‌पिढ्या ढोर समाजाने केले. बाभळीची साल, हिरडा आणि तरवडाची साल ही त्यांची सामग्री. कातड्याची पिशवी शिवायची, तिच्यात सालीचा काढा भरून ती टांगायची आणि काढा पाझरत राहील तसा पुन्हा भरायचा, अशी ही पद्धत. कोल्हापुरी चपलेचे कातडे असेच वनस्पतीच्या टॅनिनने कमावलेले असते, आणि त्या चपलेच्या भौगोलिक मानांकनात कोल्हापूरबरोबर सांगली, सातारा आणि सोलापूरही आहेत. या कारागिरीला रसायनशास्त्राच्या पुस्तकात जागा मिळाली नाही, पण तिच्यात प्रथिने, आम्लता आणि वेळ यांचे नेमके ज्ञान होते, हे इथे स्वच्छ म्हटले पाहिजे.

दक्षिणेत तरवडाचा व्यापार याहून मोठा होता. मद्रास इलाख्यातून इंग्लंडला जाणारी, ‘ईस्ट इंडिया किप्स’ म्हणून ओळखली जाणारी कातडी मुख्यतः तरवडाच्या सालीने कमावलेली असत. या सालीने कातडे फिकट पिवळसर होते, परंतु उजेडात ठेवले की लालसर पडते. म्हणून शेवटी हिरड्याचा हात द्यावा लागे. पहिल्या महायुद्धात लष्करी बुटांसाठी या कातड्याला प्रचंड मागणी आली. पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या वॅटल झाडाची साल आणि तिचा तयार अर्क स्वस्तात येऊ लागला, क्रोम पद्धतीने काही आठवड्यांचे काम काही दिवसांवर आले, आणि तरवडाची साल मागे पडली. झाडाचा गुण कमी झाला नव्हता. माळावर विखुरलेल्या झुडपांची साल हाताने सोलून, वाळवून, गाडीने आणण्याची मजुरी परवडेनाशी झाली.

क्रोम पद्धतीच्या सांडपाण्याचा प्रश्न आज गंभीर आहे, त्यामुळे वनस्पतीजन्य कमावणीची मागणी थोडी वाढते आहे. पण या भरवशावर तासगावात कोणी एकरभर तरवड लावावा असे मी म्हणणार नाही. गावपातळीवरच्या चर्मकारागिरांना जवळची, खात्रीची साल मिळावी एवढाच हिशेब धरला तर तो खरा ठरेल.

पाला : खत आणि एक गैरसमज

शेतकऱ्याच्या उपयोगाचा खरा भाग पाल्याचा आहे. तमिळनाडू आणि कर्नाटकात तरवडाचा पाला भातखाचरात तुडवण्याची आणि खारवट-चोपण जमिनीत गाडण्याची जुनी रीत आहे. आपल्या सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी अतिपाण्याने क्षारपड झालेल्या जमिनी पुष्कळ आहेत. निचऱ्याची सोय केल्याशिवाय नुसत्या पाल्याने त्या सुधारणार नाहीत, पण निचऱ्याबरोबर सेंद्रिय पदार्थ लागतोच, आणि तिथे हा पाला उपयोगी पडू शकतो.

आता गैरसमजाचे. तरवडाला शेंगा येतात, म्हणून तो मुळांवरच्या गाठींतून हवेतले नत्र जमिनीत बांधतो, असे सर्रास सांगितले जाते. हे बरोबर नाही. वर सांगितलेल्या 1982 सालच्या विभागणीतून ज्या तीन प्रजाती वेगळ्या झाल्या, त्यांत कॅमेक्रिस्टा प्रजातीच्या मुळांवर गाठी येतात. कॅसिया आणि सेना या दोन प्रजातींत त्या सहसा येत नाहीत. तरवड सेनेतला. त्याच्या पाल्यात जे नत्र असते ते हवेतून आलेले नसते. ते त्याने खोल मुळांनी मुरमाच्या भेगांतून आणि भोवतालच्या मातीतून गोळा केलेले असते.

यावरून एक गोष्ट निघते, ती प्रत्येक बागायतदाराने लक्षात ठेवावी. माळावरचा पाला कापून बागेच्या बोदात टाकला तर बागेला खत मिळते, पण तेवढेच खत माळावरून उचलले जाते. गाठी धरणारी गिरिपुष्पाची फांदी कापली तर झाड हवेतून पुन्हा नत्र घेईल. तरवडाला ती सोय नाही. दरवर्षी सगळी झुडपे बोडकी करून पाला नेला, तर दहा वर्षांत माळ आणखी गरीब होईल आणि शेवटी तरवडही खुरटेल. म्हणून झुडपांचे तीन भाग करावेत आणि दरवर्षी एकच भाग कापावा. कापलेल्या जाड काड्या आणि शेंगा तिथेच पसरून टाकाव्यात. न्यायचा तो फक्त पाला आणि कोवळे शेंडे.

कापणीच्या वेळेचाही पेच आहे. द्राक्षबागेला आच्छादनाची गरज सर्वांत जास्त असते ती एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, उन्हाळ्यात. नेमका तेव्हाच तरवड स्वतः पाण्याच्या ताणावर असतो. त्या वेळी कापला तर फुटायला पावसाची वाट पाहावी लागते. फळछाटणीपूर्वी, भाद्रपदाच्या सुमारास शेणखताबरोबर बोदात हिरवा पाला भरणे त्याला अधिक सोसते. तेवढ्यात नवरात्र येते. इकडे घटावर तरवडाच्या फुलांची माळ सोडतात, आणि तेलंगणात बतुकम्माच्या सणातली आरास याच फुलांनी सजते. त्या राज्याने तरवडाला राज्यफुलाचा मान दिला आहे. फुलाचा भाग आणि पाल्याचा भाग वेगळा ठेवला तर दोन्ही साधते. माझा कल फुलांना जास्त भाग ठेवण्याकडे आहे, कारण फुलांवर भुंगे आणि पुढचे बी अवलंबून आहेत.

औषध म्हणून

तरवडाची साल, पान, फूल, बी आणि मूळ अशी पाचही अंगे देशी वैद्यकात वापरली जातात, विशेषतः मधुमेहावर. श्रीलंकेत ‘रणवरा’ नावाने त्याच्या फुलांचा चहा घरोघरी माहीत आहे. प्रयोगशाळेत मधुमेही केलेल्या उंदरांना फुलांचा अर्क दिल्यावर त्यांची रक्तशर्करा उतरल्याचे अनेक प्रयोग छापलेले आहेत. परंतु माणसांवरच्या मोठ्या, काटेकोर चाचण्यांचा पाठिंबा या दाव्याला अजून नाही. दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. 1981 साली प्रसिद्ध झालेल्या, श्रीलंकेतल्या औषधी वनस्पतींच्या तपासणीत तरवडात यकृताला इजा करणारी पायरोलिझिडीन अल्कलॉइडे आढळली. कधीमधी घेतलेला चहा आणि रोज, महिनोन्‌महिने घेतलेला काढा यांत म्हणूनच फरक करावा. गरोदर स्त्रियांनी तो टाळावा. साखरेच्या गोळ्या थांबवून त्याऐवजी तरवड घेणे हा तर जिवाशी खेळ आहे.

लागवड

बी गोळा करायचे ते शेंगा तपकिरी होऊन खुळखुळू लागल्यावर, हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला. भुंगेऱ्यांनी पोखरलेल्या बिया पाण्यात टाकल्या की तरंगतात. त्या काढून टाकाव्यात. बियांचे कवच टणक असते, त्यातून पाणी आत शिरत नाही, म्हणून तशीच टोकलेली बी एका पावसात थोडी, दुसऱ्यात थोडी अशी वर्षानुवर्षे उगवत राहते. माळावर झुडपाला हे सोयीचे, लागवडीला गैरसोयीचे. उकळून चुलीवरून उतरवलेल्या पाण्यात बी टाकून रात्रभर तसेच ठेवावे, किंवा खरबरीत वाळूत घोळून चोळावे. फुगलेले बी लगेच टोकावे.

रोपवाटिकेची गरज फारशी नाही. मृगाचा किंवा आर्द्राचा पाऊस होऊन मुरूम ओला झाला की ताल, बांध किंवा समतल चराच्या खालच्या भरावावर हात-दीड हातावर टोकण करावी. एका जागी तीन-चार बिया, बोटाच्या एका पेराइतक्या खोल. पिशवीतले रोप लावायचे तर ते लहान असतानाच लावावे. सोटमूळ पिशवीच्या तळाशी वळले की त्या झुडपाचा दुष्काळात टिकण्याचा गुणच जातो. गायरानासारख्या मोठ्या जागेवर दीड-दोन मीटर अंतर पुरेसे. मधल्या जागेत पवना, मारवेल यांसारखे गवत पेरावे, कारण माती धरण्याचे निम्मे काम गवताचे असते.

पहिल्या वर्षी तण काढावे आणि जनावरांच्या खुरांपासून जपावे. ती खात नाहीत, पण तुडवतात. पाणी आणि खत द्यावे लागत नाही. दुसऱ्या पावसाळ्यानंतर हलकी छाटणी, तिसऱ्या वर्षापासून वर सांगितलेली पाळी. साल हवी असेल तर पावसाळ्यात, रस खेळता असताना फांदी जमिनीपासून वीतभर ठेवून कापावी आणि मग सोलावी. उभ्या झुडपाची साल ओरबाडली तर ते वाळते. कधीकधी फिकट पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या सगळी पाने फस्त करतात. फवारणी करू नये, पाने पुन्हा येतात.

एक खबरदारी बागायतदारांनी घ्यावी. द्राक्षावरचा पिठ्या ढेकूण अनेक झुडपांवर जगणारा आहे. म्हणून वेलीच्या ओळीला लागून तरवड लावू नये; बांध आणि शेवटची ओळ यांत मोकळी जागा असावी, आणि उन्हाळ्यात झुडपांवर पांढरा कापूस दिसतो का ते पाहावे.

पीक म्हणून का नाही

या शतकाच्या पहिल्या दशकात जट्रोफाची, म्हणजे मोगली एरंडाची, लाट आली होती. नियोजन आयोगाच्या 2003 सालच्या अहवालानंतर पडीक जमिनीवर, पाण्याशिवाय, इंधनाचे तेल पिकेल असे देशभर सांगितले गेले. झुडपे जगली, उत्पन्न आले नाही. कोरड्या जमिनीत जगण्याची ताकद आणि कोरड्या जमिनीत भरपूर पीक देण्याची ताकद या वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा विसरले गेले. दुष्काळात टिकणारे झुडूप टिकते ते वाढ आवरून धरल्यामुळे. तरवडाच्या फुलांचा चहा, सालीची भुकटी यांच्या जाहिराती पाहून कोणी करार शेतीचा प्रस्ताव घेऊन आला तर ही गोष्ट आठवावी आणि खरेदीची लेखी हमी, दर आणि मुदत पाहिल्याशिवाय एक गुंठाही देऊ नये.

ताकारी, म्हैसाळ, विसापूर-पुणदी या उपसा योजनांचे पाणी जसजसे पसरते आहे, तसतसा माळ बागेखाली जातो आहे. ते होणारच, आणि या तालुक्याने दुष्काळात जे सोसले आहे ते पाहता पाणी आल्याचा आनंद मोठा आहे. पण प्रत्येक बागेला बांध असतो, प्रत्येक गावाला थोडे गायरान असते, ओढ्यांच्या उतारावर चर खणलेले असतात. या जागा पाण्याखाली यायच्या नाहीत. तिथली माती मात्र दर पावसात अग्रणी आणि येरळेत वाहून जाते. माळ सपाट करणाऱ्यांना माझी विनंती एवढीच आहे: यंत्र लावण्याआधी, शेंगा वाळण्याच्या दिवसांत, तिथल्या तरवडाचे दोन पायल्या बी काढून ठेवा आणि पहिल्या पावसात तेच बी आपल्या तालीवर टोका.